निळी रेषा, लाल रेषा आणि सहाचं दान

"सव्वीस जुलै होऊन गेला. तसला पूर शंभर वर्षांतून एकदा येतो. आता आपल्या हयातीत काही नाही!"

पनवेलमध्ये हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते गावाचं ठरलेलं आश्वासनच होऊन बसलं आहे. नव्या फ्लॅटचं टोकन देऊन आलेलं जोडपं ते म्हणतं, गाळ्यात माल भरून ठेवणारा दुकानदार म्हणतो, आणि आमच्या सोसायटीतले काका तर दर पावसाळ्याच्या तोंडाला गच्चीच्या कठड्याला टेकून गाढी नदीकडे बघत म्हणतात. बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असतो. पण या वाक्यात एक गैरसमज दडलेला आहे, आणि त्याच्यापायी माणसं जन्माची कमाई तळमजल्यावर मांडून बसतात. तो गैरसमज काढायला फार मोठं गणित लागत नाही. गुणाकार येत असला की पुरे.

२६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्यात, जेमतेम ७३. रायगड जिल्ह्यात नद्यांनी पात्रं सोडली. महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळून माणसं गाडली गेली. पनवेलला गाढीचं पाणी आलं. ही नदी माथेरानच्या डोंगरात निघते, देहरंगच्या धरणात पनवेलची तहान भागवण्यापुरती अडते, गावाजवळ काळुंद्रे नदीला पोटात घेते आणि खाडीला मिळते. वर डोंगरात कोसळणारा पाऊस आणि खाली खाडीला उधाणाची भरती अशी गाठ पडली की पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते वस्तीत पसरतं. पटेल मोहल्ला, कच्छी मोहल्ला इथल्या लोकांना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता नदी क्षणभर बाजूला ठेवू आणि लुडोचा पट मांडू.

दोन-तीन वर्षांपूर्वी जुलैत मुसळधार पावसाने शाळेला सुट्टी मिळाली होती. लाईट गेलेली, खिडकीवर पाण्याचा मारा, आणि आम्ही चौघं मेणबत्तीच्या उजेडात लुडो खेळत होतो. भाचीची एकही सोंगटी घराबाहेर पडत नव्हती. सहाचं दान पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही, आणि तिला सहा पडायलाच तयार नव्हता. अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी तिने फासा ओंजळीत धरून त्यावर फुंकर मारली आणि म्हणाली, "मामा, आता पडणारच! अकरा वेळा नाही पडला, किती वेळ नाही पडणार?"

फासा घरंगळत पटाच्या कडेला गेला आणि दोनावर थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा तिला जे सांगायचं होतं, तेच इथे सविस्तर सांगतो.

फाशाला सहा बाजू, त्यातली एक सहाची. म्हणून कुठल्याही एका दानात सहा पडण्याची शक्यता १/६, न पडण्याची ५/६. पहिल्याच दानात सुटका होण्याची शक्यता १/६, म्हणजे सुमारे १६.७ टक्के. दुसऱ्या दानात सुटका व्हायची तर पहिलं दान फुकट जायला हवं आणि दुसरं लागायला हवं, म्हणून ५/६ गुणिले १/६, सुमारे १३.९ टक्के. तिसऱ्या दानात? दोन फुकट, तिसरं बरोबर: ५/६ गुणिले ५/६ गुणिले १/६, सुमारे ११.६ टक्के. चौथ्यात ९.६. दर पायरीला आधीच्या उत्तराला ५/६ ने गुणायचं, एवढंच करायचं आहे. शाळेत आपण भूमिती श्रेढी शिकलो, त्यात प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पट असतं. तीच श्रेढी इथे फाशातून उलगडते, म्हणून या शक्यतांच्या मांडणीला भूमितीय वितरण म्हणतात.

सूत्र शब्दांत असं: हवी ती गोष्ट पहिल्यांदा अमुकव्या खेपेला घडण्याची शक्यता काढायची तर "न घडण्याची शक्यता" त्याआधीच्या खेपांइतक्या वेळा स्वतःशी गुणा आणि शेवटी "घडण्याची शक्यता" एकदा गुणा. काही पुस्तकं सुटका होते ती खेपही मोजतात, काही फक्त फुकट गेलेल्या खेपा मोजतात. त्यामुळे दोन पुस्तकांतली उत्तरं एका आकड्याने मागेपुढे दिसली तर गोंधळून जाऊ नका. या प्रकरणात आपण सुटकेची खेपही मोजणार आहोत.

हे वितरण लागू पडायला तीन अटी आहेत. प्रत्येक खेपेला उत्तर हो किंवा नाही, एवढंच असलं पाहिजे. प्रत्येक खेपेला शक्यता तितकीच असली पाहिजे. आणि एका खेपेचा दुसरीवर परिणाम होता कामा नये. फाशाच्या बाबतीत या तिन्ही अटी चोख पाळल्या जातात. नदीच्या बाबतीत त्या कुठे पाळल्या जातात आणि कुठे मोडतात, त्याकडे शेवटी येऊ. खरा जीव तिथेच अडकलेला आहे.

भाचीच्या अकरा फुकट दानांचं काय? सलग अकरा वेळा सहा न पडण्याची शक्यता म्हणजे ५/६ चा अकरावा घात, सुमारे १३.५ टक्के. म्हणजे लुडो खेळणाऱ्या दर सात-आठ पोरांमागे एकाला पहिल्या सहासाठी अकरापेक्षा जास्त दानं थांबावंच लागतं. तिच्यावर कुणी अन्याय करत नव्हतं. आणि "आता पडणारच" हेही खरं नव्हतं. बाराव्या दानाला सहा पडण्याची शक्यता पहिल्या दानाइतकीच, एक षष्ठांश. फाशाला आठवण नसते. आधीची अकरा दानं भाचीला आठवतात, पटाभोवतीच्या सगळ्यांना आठवतात, फक्त फाशाला आठवत नाहीत. जिथे खेपा एकामागून एक मोजल्या जातात अशा सगळ्या वितरणांत हा विसराळूपणा फक्त भूमितीय वितरणाकडे आहे. तुम्ही कितीही वेळ वाट बघितली असली तरी पुढची वाट नव्याने सुरू होते.

सरासरी किती दानं लागतात? उत्तर सहा. ते मिळवायची एक सुरेख वाट आहे. समजा सरासरी "स" दानं लागतात. पहिलं दान तर टाकावंच लागतं, ते एक. मग सहांतल्या एका भागाच्या शक्यतेने काम झालेलं असतं. उरलेल्या पाच भागांत काम झालेलं नसतं आणि फासा विसराळू असल्यामुळे आपण पुन्हा पहिल्याच जागी उभे असतो, म्हणजे आणखी सरासरी "स" दानं. म्हणून स = १ + (५/६) स. सोडवा, स = ६. याच रीतीने घडण्याची शक्यता कितीही असो, सरासरी वाट त्या शक्यतेला उलटं केलं की मिळते. शक्यता १/२५ असेल तर २५ खेपा, १/१०० असेल तर १०० खेपा.

आता "सरासरी सहा" ऐकल्यावर मनात काय चित्र येतं, ते तपासून बघा. बहुतेकांना वाटतं, सहाव्या दानाच्या आसपास सहा पडतो. गणित वेगळं सांगतं. पहिल्या सहा दानांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता ५/६ चा सहावा घात, ३३.५ टक्के. दर तिघांतला एक जण सहा दानांनंतरही घरातच. उलट चार दानांतच सुटणारे ५१.८ टक्के, निम्म्याहून जास्त. चार दानांत एक तरी सहा, या पैजेचा आणि तशाच दोन फाशांच्या पैजेचा प्रश्न सतराव्या शतकात फ्रान्समधल्या शवालिए द मेरे या जुगाराच्या शौकिनाला पडला होता. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्यात जुगाराच्या प्रश्नांवर पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया त्यातून घातला गेला. सरासरी सहा, पण निम्म्या लोकांची सुटका चारातच. हे दोन आकडे एकत्र कसे नांदतात? ज्यांना वाट बघावी लागते त्यातल्या काहींना फारच लांब वाट बघावी लागते, वीस दानं, पंचवीस दानं, आणि तेच सरासरीला वर ओढतात.

आता नदीकडे.

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या काठी दोन पूररेषा आखतो, निळी आणि लाल. ढोबळ मानाने निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती हद्द, आणि लाल रेषा म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्यामधला नियंत्रित क्षेत्र. कोल्हापूर-सांगलीत, पिंपरी-चिंचवडमध्ये, पनवेलमध्ये घर घेणाऱ्याच्या कानावर हे शब्द एकदा तरी पडतातच. बऱ्याचदा ते पडतात तेव्हा व्यवहार होऊन गेलेला असतो.

"२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ नदीच्या भिंतीवर कॅलेंडर लावलंय आणि ती पंचवीस पानं उलटून बाहेर पडते, असा नाही. त्याचा अर्थ एवढाच की कुठल्याही एका वर्षी पाणी त्या रेषेपर्यंत किंवा तिच्या वर चढण्याची शक्यता २५ मध्ये एक, म्हणजे ४ टक्के. २५ हा आकडा या ४ टक्क्यांना उलटं करून आलेला आहे, आणि तो सरासरी आहे. प्रत्येक पावसाळा म्हणजे पंचवीस बाजूंच्या फाशाचं एक दान. लाल रेषेसाठी शंभर बाजूंचा फासा. संख्याशास्त्रात ज्या गोष्टीची वाट बघायची तिला "यश" म्हणायची पद्धत आहे. पुराला यश म्हणायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून मी "घडणं" हाच शब्द वापरतो.

गणित मांडू. निळ्या रेषेवर उभं असलेलं घर घ्या. पहिला पूर पहिल्याच वर्षी येण्याची शक्यता ४ टक्के. दुसऱ्या वर्षी येण्याची ०.९६ गुणिले ०.०४, म्हणजे ३.८४ टक्के. तिसऱ्या वर्षी ३.६९. चौथ्या वर्षी ३.५४. असं करत पंचविसाव्या वर्षी पोचलो की अवघी दीड टक्का. जरा थांबून या ओळीकडे बघा. पहिला पूर नेमका कुठल्या वर्षी येईल यावर पैज लावायची असेल, तर सगळ्यांत जास्त शक्यतेचं वर्ष कुठलं? पंचविसावं नाही. येणारं वर्ष. भूमितीय वितरणात सगळ्यांत उंच खांब नेहमी पहिलाच असतो, मग घडण्याची शक्यता कितीही कमी असो. मला स्वतःला ही गोष्ट पहिल्यांदा उमगली तेव्हा मी वही बंद करून बराच वेळ खिडकीतून नदीच्या दिशेने बघत बसलो होतो.

आता घर घेणाऱ्याचा खरा प्रश्न: माझ्या कर्जाच्या मुदतीत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता किती? इथे एकेका वर्षाची बेरीज करत बसायची गरज नाही. "एकदाही न येण्याची" शक्यता काढा आणि ती शंभरातून वजा करा. वीस वर्षांचं कर्ज असेल तर ०.९६ चा विसावा घात, ०.४४२. म्हणजे वीसही वर्षं कोरडी जाण्याची शक्यता ४४ टक्के आणि एकदा तरी पाणी घरात येण्याची जवळजवळ ५६ टक्के. नाणेफेकीपेक्षाही वाईट. निम्म्याची हद्द सतराव्या वर्षीच ओलांडली जाते. पूर्ण २५ वर्षं राहिलात तर ६४ टक्के, ३० वर्षं राहिलात तर ७१.

लाल रेषेवरचं घर घ्या. वीस वर्षांत १८ टक्के. तीस वर्षांत २६ टक्के. सत्तर वर्षांच्या आयुष्यात ५० टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे ज्याला आपण "शंभर वर्षांतून एकदा येणारा" म्हणून दूर ढकलतो, तो पूर त्या काठावर जन्माला येऊन तिथेच सत्तरी गाठणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांना दिसतो. "आपल्या हयातीत नाही" या वाक्याला याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

आणि पूर्ण शंभर वर्षांत? ०.९९ चा शंभरावा घात ०.३६६. म्हणजे शंभर वर्षांत एकदाही न येण्याची शक्यता ३६.६ टक्के, एकदा तरी येण्याची ६३.४. हे आकडे ओळखीचे वाटतात का? फाशाच्या सहा दानांनंतर ३३.५ टक्के पोरं घरात होती. निळ्या रेषेवर पंचवीस वर्षांनंतर ३६.० टक्के घरं कोरडी होती. लाल रेषेवर शंभर वर्षांनंतर ३६.६. फाशाच्या बाजू वाढवत जा आणि जितक्या बाजू तितकीच दानं टाका, एकदाही मनासारखं दान न पडण्याची शक्यता ३६.८ टक्क्यांकडे सरकत जाते आणि तिथेच स्थिरावते. गणितातल्या "ई" या प्रसिद्ध स्थिरांकाने, म्हणजे २.७१८ ने, एकाला भागलं की हाच आकडा येतो.

पनवेल परिसरात हा आकडा आणखी एका ठिकाणी भेटतो, सिडकोच्या घरांच्या सोडतीत. समजा एखाद्या गटात दर पन्नास अर्जांमागे एक घर आहे, आणि एखादी ताई प्रत्येक सोडतीला नेमाने अर्ज भरते. पन्नास सोडतींनंतरही तिला घर न लागण्याची शक्यता ३६ टक्के. "इतकी वर्षं भरतेय, आता माझा नंबर लागायला हवा" हे तिचं म्हणणं माणूस म्हणून पटतं, पण सोडतीच्या संगणकाला तिचे जुने अर्ज आठवत नाहीत. तिच्या हातात एकच गोष्ट आहे, जिथे अर्जदार कमी आणि घरं जास्त असा गट निवडायचा, म्हणजे एका खेपेची शक्यताच वाढवायची.

पुराच्या या हिशेबाला शिस्त लावणाऱ्यांत एमिल युलियुस गुम्बेल हे नाव मोठं आहे, आणि त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८९१ चा जन्म, जर्मन गणिती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजकीय खुनांचं सत्र सुरू झालं तेव्हा त्यांनी शांतपणे ते मोजायला घेतले. १९२२ च्या त्यांच्या पुस्तकात हिशेब होता: उजव्या गटांनी केलेले खून ३५४, डाव्यांनी केलेले २२, आणि न्यायालयांनी दोघांना दिलेल्या शिक्षांमधली तफावत. आकडे खोडता येईनात, म्हणून माणसालाच खोडलं गेलं. १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातून त्यांना काढलं. ते फ्रान्सला गेले आणि तिथेही जर्मन फौजा आल्यावर १९४० मध्ये अमेरिकेला. तिथे १९४१ मध्ये त्यांनी नद्यांच्या पुरांच्या पुनरागमन काळावर, म्हणजे पूर सरासरी किती वर्षांनी परततो यावर, शोधनिबंध लिहिला. आजही जगभरचे जलअभियंते कमाल पुराचा अंदाज बांधताना गुम्बेल यांचं नाव असलेलं वितरण वापरतात. मोजायला कुणी धजत नाही ते मोजायचं आणि आलेला आकडा लपवायचा नाही, ही त्यांची एकच सवय मला दोन्ही कामांत दिसते.

एखाद्या पुराला "इतक्या वर्षांचा" हे लेबल लागतं कसं? सोपी रीत अशी. नदीवर तीस वर्षांच्या नोंदी असतील तर प्रत्येक वर्षाची सर्वोच्च पातळी घ्या आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावा. नोंदींच्या संख्येत एक मिळवून क्रमांकाने भागा. पहिल्या क्रमांकाच्या पुराला ३१ वर्षं, दुसऱ्याला साडेपंधरा, तिसऱ्याला दहा आणि थोडी. या रीतीने तीस वर्षांच्या वहीतून शंभर वर्षांचा पूर निघतच नाही. तो पुढे रेघ वाढवून काढावा लागतो, आणि त्यासाठीच गुम्बेल यांच्यासारखी सूत्रं लागतात. म्हणून नकाशावरची लाल रेषा कितीही ठळक छापलेली असली तरी ती एक अंदाज असते. नोंदींची वही जितकी जुनी, तितका अंदाज भरवशाचा. नदीकाठच्या पाणीपातळीच्या पट्टीवरचा आकडा रोज सकाळी टिपणारा माणूस माझ्या लेखी या सगळ्या शास्त्राचा पाया आहे.

"एकदा येऊन गेला, आता नाही" या समजुतीचा फोलपणा कोल्हापूर-सांगलीने फार मोठी किंमत मोजून अनुभवला. तिथे २००५ मध्ये महापूर आला. मग २०१९ मध्ये. मग २०२१ मध्ये. मधलं अंतर आधी चौदा वर्षं आणि नंतर दोन. २०१९ नंतर घर धुऊन-पुसून, भिंतींना रंग देऊन लोक जरा स्थिरावले होते. शुद्ध भूमितीय हिशेबानेही, निळ्या रेषेवर एक पूर ओसरल्यानंतर पुढच्या दोन वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता जवळजवळ ८ टक्के असते, साधारण तेरांत एक. ती पूर येण्याआधी जितकी होती तितकीच असते. चिपळूणलाही २००५ नंतर २०२१ च्या जुलैत पाणी चढलं. आणि महाराष्ट्रभरच्या नद्या धरल्या तर चित्र आणखी बदलतं. एकमेकांशी संबंध नसलेली दहा खोरी धरा, प्रत्येकात शंभर वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी १ टक्का. यांपैकी कुठेतरी तो येण्याची शक्यता दरवर्षी साडेनऊ टक्क्यांच्या वर जाते. प्रत्यक्षात शेजारच्या नद्या एकाच पावसाने भरतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही, पण दर काही वर्षांनी पेपरात "शतकातला पूर" असा मथळा का दिसतो, हे त्यातून कळतं.

हेच गणित उलटं फिरवलं की अभियंत्याच्या कामाचं होतं. पूल पन्नास वर्षं टिकवायचा आहे आणि त्या काळात त्यावरून पाणी जाण्याचा धोका ५ टक्क्यांहून जास्त नको, तर किती वर्षांचा पूर धरून बांधायचा? पन्नास वर्षं सुखरूप जाण्याची शक्यता ०.९५ हवी, म्हणजे एका वर्षाची सुखरूपता ०.९५ चं पन्नासावं मूळ. उत्तर येतं सुमारे ९७५ वर्षं. पन्नास वर्षांच्या पुलासाठी जवळजवळ हजार वर्षांचा पूर! भूकंपासाठी इमारतींची आखणी करताना ४७५ वर्षं हा विचित्र वाटणारा आकडा जगभर वापरला जातो, तोही याच रीतीने आलेला: पन्नास वर्षांत १० टक्के. नेदरलँड्समध्ये ३१ जानेवारी-१ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्या देशाने दाट वस्तीच्या हॉलंडसाठी मोजमाप ठरवलं दहा हजार वर्षांतून एकदा. ऐकायला अतिरेकी वाटतं. सत्तर वर्षांच्या आयुष्यावर मांडून बघा: धोका ०.७ टक्के. लाखोंच्या वस्तीसाठी एवढा धोकाही त्यांना जेमतेम चालण्यासारखा वाटला.

आता त्या तीन अटींकडे. पूर आला की नाही, याचं उत्तर हो-नाहीत देता येतं. एका पावसाळ्याचा दुसऱ्याशी संबंध नसतो, हेही बऱ्याच अंशी धरून चालतं. अडचण आहे "शक्यता दरवर्षी तितकीच" या अटीपाशी. फासा झिजत नाही, नदीचं खोरं मात्र बदलतं. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं मानून आखल्या होत्या. जिथे मुरायचं तिथे डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले की ते मानणं उरत नाही. गाढीच्या काठी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी भातशेती होती, मिठागरं होती, खाडीच्या तोंडाशी तिवरं होती. भाताचं खाचर पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर उभं राहताना यातलं पुष्कळ भरावाखाली गेलं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. वर हवा तापते आहे, आणि तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, म्हणून जोराच्या सरी आणखी जोराच्या होतात. या सगळ्याचा अर्थ असा की ज्या पुराला जुन्या वहीने "शंभर वर्षांचा" म्हटलं, तो आज पन्नासाचा झालेला असू शकतो, आणि रेषा मात्र नकाशावर जुन्याच जागी असते. १ टक्क्याचे २ टक्के झाले तर वीस वर्षांच्या कर्जावर धोका १८ वरून ३३ टक्क्यांवर जातो.

मागच्या पूर्वमोसमी बैठकीत मी हे सगळं आमच्या सोसायटीत फळ्यावर मांडलं. आमची इमारत दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात येते, म्हणजे वीस वर्षांचा धोका १८ आणि ५६ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. काका पहिल्या रांगेत बसले होते. मी ०.९६ चा विसावा घात लिहिला तेव्हा त्यांनी खिशातला मोबाईल काढला, कॅल्क्युलेटर उघडला आणि वीस वेळा गुणाकार करून बघितला. बोलले काहीच नाहीत. फक्त मोबाईल शेजारच्यांना दाखवला.

दुसऱ्या आठवड्यात वीजमीटरची पेटी आणि पाण्याच्या पंपाचं पॅनेल तळमजल्यावरून जिन्यात वर हलवायचं ठरलं. वायरमन आला. २००५ चं पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या रहिवाशांना विचारून त्याने भिंतीवर खडूने एक रेघ मारली, तिच्यावर दोन हात मोजून दुसरी मारली आणि म्हणाला, "पेटी हिच्यावर घेतो. इथवर पाणी यायला शंभर वर्षं लागतील, काका."

काकांनी रेघेवर बोट ठेवलं. "वर्षं नको सांगूस," ते म्हणाले. "टक्के सांग."